मॉटचा नमुना

सोमवारच्या टपालात तीन डबे आले.
दोन इवर प्रोबर्टच्या गोठ्यातले,
तिसऱ्यावर पेन्सिलीनं: मॉट, कुत्रा, वय तीन.
खाली, कुणी विचारलं नसताना,
'चांगला आहे.'

अर्जावर होतं: गर्भपात, पाचवा महिना,
या हिवाळ्यातला चौथा.
मी वाचलं ते मात्र 'गाभडली'.
हा शब्द लोणंदच्या पशुदवाखान्यातून
माझ्याबरोबर कारमार्दनपर्यंत आलाय, बिनव्हिशाचा.
वडील तिथे कंपाउंडर होते.
गाय गाभडली की ते खाली वाकून हुंगायचे,
मग मालकाच्या तोंडाकडे बघायचे,
आणि डॉक्टरांची मोटारसायकल यायच्या आत
त्यांना काहीतरी कळलेलं असायचं.
काय, ते कधी बोलले नाहीत.
बरोबर होतं का, तेही नाही.

मी हुंगत नाही. तोंडावर मास्क असतो.
वासराच्या मेंदूचा हरभऱ्याएवढा तुकडा,
मॉटच्या विष्ठेतली एक चिमूट,
वेगवेगळ्या नळ्यांत कुटायची, धुवायची, गाळायची.
उरतं ते पाण्यासारखं पाणी.
त्यात सगळे असतात:
प्राणी स्वतः, त्यानं खाल्लेलं,
आतड्यातले लाखो भाडेकरू,
आणि हात चुकला तर थोडी मीसुद्धा.
या जत्रेत मी एकच हाक मारते,
वीस अक्षरांची.
जो ओ देईल तो निओस्पोरा.
ओ आली की एकाचे दोन, दोनाचे चार,
तापव, निवव, तापव, निवव,
चाळीस फेरे.

शेवटच्या नळीत नुसतं स्वच्छ पाणी.
तिनं गप्पच राहायचं असतं.
ती बोलली तर सगळ्यांचंच खोटं.

सव्वातीनला रेषा उठल्या.
वासरू अठ्ठाविसाव्या फेऱ्याला, ठाम.
मॉट छत्तिसाव्याला,
दाराआडून कुणी खोकावं तसा.
पुन्हा केलं. पुन्हा तोच खोकला.
पाणी गप्प.

निकाल सांगायचं काम माझं नाही, केरिसचं.
पण ती कुठेतरी अडलेल्या गाईपाशी होती
आणि इवरनं थेट इकडेच फोन लावला.
'म्हणजे कुत्र्यानं केलं?'

मी म्हटलं, तितकं सरळ नाही ते.
कुत्र्याकडून चाऱ्यात, चाऱ्यातून गाईत,
गाईकडून पोटातल्या कालवडीत,
ती जगली तर तिच्या लेकीत,
पाटल्या जाव्यात तसं, आईकडून लेकीकडे.
आणि एखादी वार रानात पडून राहिली
की परत कुत्र्यात.
तुमच्याकडे वार कोण उचलतं?

बराच वेळ नुसतं दूध काढायचं यंत्र ऐकू येत राहिलं.
'मॉट,' तो म्हणाला.
'मला वाटायचं, रान साफ ठेवतोय.'

पहिला कोण, ते आमचं यंत्र सांगत नाही.
आहे म्हणतं, नाही म्हणतं,
कितव्या फेऱ्याला ते म्हणतं.
बाकीचं मीच सांगितलं, सांगायला नको होतं तरी:
कुत्र्याचं थोड्या दिवसांचं असतं,
तो एव्हाना मोकळाही झाला असेल.
गाईचं जन्माचं.

'मग सगळ्यांचं रक्त?'
सगळ्यांचं.
'एकशे बारा आहेत.'
हो.
'बेथनचंही? ती माझ्या आईनं पाळलेल्या गाईची...'
पुढचं त्यानं वेल्शमध्ये म्हटलं,
मला नाही, बहुधा गाईलाही नाही.
टावी नदीकडून वारा आला असावा,
फोनमध्ये कुठलंसं फाटक आपटलं.
मागे एक कुत्रा भुंकला, दोनदा, कामाचं भुंकणं.

उरलेलं मी उणे ऐंशीत ठेवून दिलं.
लेबलवर नियमाप्रमाणे आकडा, तारीख, प्राणी.
नावाला जागा नसते, चांगला असण्यालाही नसते.
हातमोजे काढले, हात धुतले,
आणि कुणी बघत नाहीसं पाहून
बोटं हुंगली.

साबण. ब्लीच.
आणखी काही होतं की नव्हतं,
सांगता येणार नाही.